ट्रॉलरचा सेल्फ बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेल्या डिझेल इंजिनांसाठी आहे. हर्णै, मिरकरवाडा, साखरीनाटे, देवगड, मालवण या बंदरांतल्या लाकडी आणि फायबर ट्रॉलरवर जी चार आणि सहा सिलिंडरची इंजिनं बसतात, ती डोळ्यांसमोर ठेवली आहेत. आउटबोर्डचा इथे विचार केलेला नाही. स्टार्टर मोटरला बंदरावर सगळे 'सेल्फ' म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द वापरला आहे.

सेल्फ खरंच गेलाय की दुसरंच काही बिघडलंय, हे काढण्याआधी कसं कळेल?

हा प्रश्न आधी सोडवा, पाना नंतर हातात घ्या. अडचणीतला सेल्फ काढायला अर्धा दिवस जातो. तो बाकावर लावून बघावा तर झकास फिरतो, असं फार वेळा घडतं. खाऱ्या हवेत सेल्फच्या आधी केबल, थिंबल (केबलच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं टोक) आणि अर्थिंग खराब होतात.

एक साधा मल्टिमीटर पुरे. गिअर न्यूट्रलला आहे याची खात्री करा आणि इंजिन चालू होऊ नये म्हणून स्टॉपची कांडी ओढून धरा. केबिनमध्ये एकाला बटण दाबायला बसवा. मग या क्रमाने मोजत चला.

आधी बॅटरी. विश्रांतीत १२ व्होल्टची भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, २४ व्होल्टची जोडी २५.२ च्या. बटण दाबल्यावर १२ ची बॅटरी साडेनऊच्या खाली किंवा २४ ची जोडी १९ च्या खाली कोसळली, तर आधी बॅटरी चार्ज करा आणि मग पुन्हा तपासा.

आता पॉझिटिव्ह केबल. मीटरची एक सुई बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर ठेवा. क्लॅम्पवर नको, थेट खुंटीवर. दुसरी सुई सेल्फच्या जाड स्टडवर ठेवून बटण दाबा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर वीज वाटेतच खर्च होते आहे. तशीच अर्थिंगची बाजू बघा: एक सुई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी सेल्फच्या उघड्या धातूवर. इथे ०.३ व्होल्टच्या वर गेलं की अर्थिंग खराब समजा. थिंबल वरून चकचकीत दिसत असलं तरी आत तांब्याची हिरवी भुकटी झालेली असू शकते.

शेवटी बटणाची बारीक वायर, म्हणजे सेल्फवरचा ५० नंबरचा टर्मिनल. बटण दाबल्यावर तिथे जवळजवळ पूर्ण व्होल्टेज यायला हवं. केबिनपासून इंजिनपर्यंत पाच-सात मीटरची बारीक वायर, मध्ये दोन पिळून टेप लावलेले सांधे आणि गंजलेलं बटण असेल, तर सोलेनॉइडला (सेल्फवरच्या विजेच्या चुंबकी स्विचला) पुरेसा जोर मिळत नाही. अशा वेळी सेल्फजवळ एक रिले बसवा आणि बटणाने फक्त रिले चालवा. बऱ्याच बोटींचा आजार एवढ्यानेच जातो.

बॅटरी चांगली, दोन्ही केबली चांगल्या, ५० ला वीज येते, इंजिन हाताने फिरतं आणि तरी सेल्फ ओढत नाही. एवढं सगळं जुळलं, तरच तो काढायचा.

आवाजावरून काही सांगता येतं का?

बरंच. टक-टक-टक असा भराभर आवाज आला तर बॅटरी उतरलेली आहे किंवा जोड सैल आहे. एकदाच जोरात 'टक' होऊन पुढे काही नाही, तर सोलेनॉइडमधली तांब्याची चकती जळलेली असते, कार्बन (आत वीज पोचवणारे ब्रश) संपलेले असतात किंवा इंजिनच जाम असतं. सेल्फ सुसाट फिरतो पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्सचा (सेल्फचं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, पुढे नेणाऱ्या भागाचा) एकतर्फी क्लच घसरतोय. कर्रर्र असा दाते घासल्याचा आवाज आला की बटण सोडा. पुन्हा पुन्हा दाबलंत तर सेल्फबरोबर फ्लायव्हीलची दातेरी रिंगही जाते, आणि रिंग बदलायची म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं आलं.

इंजिन जाम आहे की सेल्फ, हे कसं बघायचं?

क्रँक पुलीच्या बोल्टवर गोटी (सॉकेट) आणि लांब टॉमी (दांडी) लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवा. कॉम्प्रेशनला जड लागेल, पण फिरलं पाहिजे. एका जागी दगडासारखं अडलं तर जोर करू नका. एक्झॉस्टमध्ये समुद्राचं पाणी सोडणारी बोट असेल, तर सिलिंडरमध्ये पाणी गेल्याची शक्यता मोठी. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो. नोझल (इंजेक्टर) काढा आणि इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर उडू द्या. ऑइल दुधाळ झालं असेल तर तेही बदला.

हे बहुतेकदा सेल्फ वारंवार मारण्यातून ओढवतं. इंजिन चालू होत नसतं, पण समुद्राच्या पाण्याचा पंप मात्र प्रत्येक वेळी सायलेन्सरमध्ये पाणी ढकलत राहतो. ते बाहेर फेकायला धुराचा जोर नसतो, मग ते उलटं सिलिंडरकडे येतं. म्हणून इंजिन लागायला त्रास देत असेल तर समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करून सेल्फ मारा आणि इंजिन लागताक्षणी कॉक उघडा. सरळ वर जाणारं कोरडं धुराडं असलेल्या ट्रॉलरला ही भीती नाही.

काम कधी आणि कुठे काढावं?

सर्वांत चांगला काळ मासेमारी बंदीचा, १ जून ते ३१ जुलै. बोट किनाऱ्यावर ओढलेली असते आणि घाई नसते. पण मे अखेरीस बोट वर घेतानाच सेल्फची तपासणी करा. नारळी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात सगळ्या बंदराचे सेल्फ एकदम आठवतात आणि रिवाइंडिंगवाल्याकडे रांग लागते.

हंगामात करायचंच असेल तर जेट्टीला बांधून, किंवा खाडीत भरती-ओहोटीची वेळ बघून करा. ओहोटीला चिखलावर बसून बोट कलंडते. कललेल्या इंजिन रूममध्ये वीस किलोचा सेल्फ हातात धरून बसणं म्हणजे बोटं चिरडून घेणं. उधाणाच्या दिवसांत (अमावास्या-पौर्णिमेला) पाण्याचा फरक मोठा असतो, भांगाला (अष्टमीच्या आसपास) कमी. खाडीतलं काम भांगावर ठेवावं. इंजिन थंड होऊ द्या, इंजिन रूमची झडप (वरचं झाकण) उघडून हवा खेळती ठेवा, आणि बॅटऱ्या चार्जिंगला असतील तर काम सुरू करण्यापूर्वी चार्जर काढा. चार्ज होताना निघणारा हायड्रोजन एका ठिणगीने पेटतो.

सेल्फपर्यंत हात का पोचत नाही?

सेल्फ फ्लायव्हीलच्या रिंगेत दाते घालतो, म्हणून त्याची जागा फ्लायव्हील हाउसिंगच्या कडेला ठरलेली. ट्रकमध्ये गाडीखालून हात जातो. बोटीत तोच भाग इंजिनाचा पाया आणि बोटीची बाजू यांच्या फटीत येतो, वर एक्झॉस्ट किंवा हीट एक्स्चेंजर आणि बाजूला डिझेलची टाकी. इंजिन बसवतानाच सेल्फच्या बाजूला हातभर जागा सोडली तर पुढची सगळी कटकट वाचते. पण इंजिन बसवणारा वेगळा आणि दहा वर्षांनी सेल्फ काढणारा वेगळा.

कोणती हत्यारं हाताशी असावीत?

१३, १७ आणि १९ चे रिंग पाने आणि गोट्या तर लागतातच. त्यातही गोटी सहा कोनी घ्या. बारा कोनी गोटी गंजलेल्या बोल्टचं डोकं गोल करते. अर्धा इंची रॅचेट, मिळून पाऊण मीटर होतील एवढी एक्स्टेंशन, एक युनिव्हर्सल जॉइंट, दांडीचा आरसा, लोहचुंबक, डोक्याला लावायची बॅटरी आणि वायर ब्रश. जुन्या ब्रिटिश घडणीच्या इंजिनांवर इंची आटे असतात. तिथे मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावल्यावर सटकतो. डोक्यावर नीट बसत नसेल तर इंची पाना मागवा, ठोकून बसवू नका.

हत्यारांना दोरा बांधा आणि सेल्फखाली बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या खोलगट भागात) जुनी चादर किंवा ट्रे पसरा. बिल्जमध्ये पडलेला नट शोधायला जो वेळ जातो, त्यात अर्धं काम होतं.

आधी काय काय सोडवावं लागेल?

पहिलं काम, बॅटरीचा निगेटिव्ह काढून क्लॅम्पला कापड गुंडाळणं. फक्त मेन स्विच बंद करून भागवू नका. सेल्फची जाड केबल कधी कधी स्विचच्या आधीच जोडलेली असते, आणि इंजिनाला लागलेला पाना त्या केबलला टेकला तर पान्याचाच वेल्डिंग रॉड होतो.

मग वाटेत काय आहे ते बघा. बहुधा ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टरचा ब्रॅकेट, एखादा पाण्याचा होज आणि फळ्या. ऑइल फिल्टर काढल्याने हाताला बरीच जागा मिळते, आणि तसाही तो बदलायचाच असतो. डिझेलची लाइन सोडली तर नंतर हवा काढावी लागेल हे ध्यानात ठेवा. नाहीतर नवा सेल्फ फिरत राहील, इंजिन लागणार नाही आणि दोष सेल्फला लागेल. होज काढण्यापूर्वी समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करा.

इंजिन पायावरून उचलायची वेळ क्वचित येते. आलीच, तर नंतर शाफ्टच्या कपलिंगच्या तोंडातली फट चारही बाजूंनी फीलर गेजने बघितल्याशिवाय बोट सोडू नका. लाकडी बोटीत फळी कापून कायमची झडप करता येते. फळी कापावी, आडवा बीम कधीही कापू नये.

वायरी काढताना काय चुकतं?

स्टड मोडतो. सोलेनॉइडच्या तांब्याच्या स्टडवर दोन नट असतात. वरचा सोडताना खालचा दुसऱ्या पान्याने धरायचा. नाहीतर स्टड आतल्या आत फिरतो आणि चांगला सोलेनॉइड भंगारात जातो. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या आणि प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून ३०, ५०, ३१ असे आकडे लिहा. ३० म्हणजे बॅटरीची जाड केबल, ५० बटणाची बारीक वायर, ३१ अर्थिंग. डायनॅमोची वायर पुष्कळदा ३० च्याच स्टडवर असते. ती विसरली की सेल्फ चालतो, पण बॅटरी भरत नाही.

वरचा बोल्ट दिसतच नाही. तो कसा काढायचा?

सगळा खेळ याच बोल्टचा आहे. सेल्फ दोन किंवा तीन बोल्टवर बसतो. खालचा आणि बाहेरचा सहज निघतो, आतल्या अंगाचा वरचा बोल्ट हाउसिंग आणि ब्लॉकच्या मध्ये लपलेला असतो.

मोबाइलचा कॅमेरा आत घालून व्हिडिओ काढा. डोकं कोणत्या बाजूला आहे हे आधी कळलं पाहिजे. काही इंजिनांत डोकं सेल्फच्या बाजूला असतं, काहींत गिअरबॉक्सच्या, आणि काहींत बोल्ट नसून स्टड आणि नट असतो. वायर ब्रशने डोकं साफ करा आणि गंज सोडवायचं तेल आदल्या रात्री मारून ठेवा. सकाळी पुन्हा एकदा मारा.

आता वाट. समोरून हात जात नसेल तर बहुधा मागून, गिअरबॉक्सच्या वरून, लांब एक्स्टेंशन सरळ जातं. गोटीला लागून युनिव्हर्सल जॉइंट लावा, पण त्यावर इन्सुलेशन टेपचे तीन-चार वेढे द्या. टेपने तो लुळा पडत नाही, तरी लागेल तेवढा वाकतो. दोन माणसं लागतात: एकाने गोटी डोक्यावर बोटाने दाबून धरायची, दुसऱ्याने मागून रॅचेट मारायचा. आतलं बोट सुटल्याशिवाय मागच्याने जोर द्यायचा नाही, हे आधीच बोलून ठेवा.

सोडताना आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने दाबा. गंजाचा पापुद्रा 'कट्' करून तुटला की मग उलटं फिरवा. झटके देण्यापेक्षा लांब दांडीने सावकाश ओढा.

एक्स्टेंशनलाही वाट नसेल तर जुना रिंग पाना कापून आखूड करा, किंवा तापवून त्याची मान वाकवून घ्या. बंदरावरचा वेल्डर पाच मिनिटांत करून देतो. तो पाना जपून बोटीवरच ठेवा, त्या बोटीला तो कायमचा लागणार आहे.

हे सगळे बोल्ट सोडताना वरचा सर्वांत आधी ढिला करायचा, आणि काढायचा मात्र शेवटी. खालचे आधी काढले तर सेल्फचं सगळं वजन वरच्या बोल्टवर येतं, तो तिरका होतो आणि आट्यांत अडकतो.

बोल्ट मोडला तर?

थोडा बाहेर राहिला असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करा. वेल्डिंगच्या उष्णतेने तो सुटतोही. पण इंजिन रूममध्ये डिझेलने भिजलेलं लाकूड असतं. बिल्ज पुसून, ओलं पोतं पसरून आणि अग्निशामक शेजारी ठेवूनच आर्क पेटवा. वेल्डिंगपूर्वी बॅटरीच्या दोन्ही केबली आणि डायनॅमोच्या वायरी सुटलेल्या असू द्या. आतच मोडला असेल तर मधोमध पंच मारून भोक पाडायचं आणि आटे खराब झाले तर कॉइलचे नवे आटे बसवायचे. एक बोल्ट कमी ठेवून सेल्फ चालवू नका. तो हलतो, दात्यांचा कोन बदलतो आणि रिंग खाल्ली जाते.

सेल्फ बाहेर कसा काढायचा? जड असतो.

गिअर-रिडक्शनचा नवा सेल्फ दहा किलोच्या आसपास असतो, जुना मोठा थेट जोडाचा वीस-पंचवीस किलो. अडचणीत हात लांब करून एवढं वजन धरता येत नाही. वरच्या बीमवरून दोरीचा फास सेल्फच्या पोटाला घाला आणि दोरी एकाने वर धरावी. खाली लाकडी ठोकळा किंवा फळीची घसरण लावली तर आणखी बरं.

आणि मार्गदर्शक पिन करून घ्या. त्याच मापाचा लांब बोल्ट आणा, डोकं कापून टाका, टोकाला हॅकसॉने खाच पाडा. बोल्ट जर हाउसिंगच्या आट्यांत जाणारा असेल, तर एका भोकात ही पिन हाताने घालायची. सेल्फ त्यावरून सरळ मागे सरकतो, पडत नाही. बसवताना तर पिनेचा उपयोग दुप्पट आहे, कारण भोकं आपोआप समोरासमोर येतात. पिन शेवटी खाचेत स्क्रू ड्रायव्हर घालून काढायची आणि तिच्या जागी बोल्ट. हाउसिंग आणि सेल्फमध्ये पातळ पत्र्याचा शिम असेल तर तो कुठे होता ते लिहून ठेवा, तसाच परत लागतो.

भोकातून रिंगचे दाते बघायचे का?

नक्की बघा, पुन्हा ही संधी मिळणार नाही. इंजिन हाताने फिरवत पूर्ण चक्कर तपासा. चार सिलिंडरचं इंजिन कॉम्प्रेशनमुळे दोन ठरावीक जागी थांबतं, सहाचं तीन जागी, त्यामुळे झीज तिथेच होते. एखाद्या दात्याची कड गोल झालेली चालते. दाता अर्धा उडालेला असेल तर नवा सेल्फही वर्षभरात जाईल. तेव्हा गिअरबॉक्स बंदीच्या काळात उतरवण्याची तयारी ठेवा.

नवा सेल्फ घेताना काय जुळवायचं? ट्रकचा चालेल का?

जुना सेल्फ दुकानात घेऊन जा आणि दोन्ही शेजारी ठेवा. व्होल्टेज, किलोवॅट, पिनियनच्या दात्यांची संख्या, फिरण्याची दिशा (पिनियनच्या तोंडाकडून बघून), भोकांचं अंतर, आणि फ्लँजपासून पिनियनच्या टोकापर्यंतचं अंतर हे सगळं जुळलं पाहिजे. सोलेनॉइड कोणत्या कोनात येतो हेही बघा. भोकं जुळतात, पण सोलेनॉइड पायाला अडतो, असं होतं. दात्यांची संख्या एकाने चुकली तरी 'बसला की!' म्हणून लावू नका.

ट्रकचाच ब्लॉक बोटीत आलेला असतो, म्हणून ट्रकचा सेल्फ यांत्रिकदृष्ट्या बसतो आणि बंदरावर सर्रास वापरला जातो. फरक पाण्याचा आहे. मरीन सेल्फला सील जास्त, रंग चांगला आणि काही ठिकाणी अर्थिंग वेगळ्या टर्मिनलमधून, म्हणजे बॉडीपासून इन्सुलेटेड. तुमचा जुना तसा असेल आणि जागी बॉडी अर्थिंगचा लावलात, तर अर्थिंगची केबल बघून घ्यावी लागेल. ट्रकचा लावलात तर सांध्यांवर बाहेरून सीलंटची पातळ रेघ द्या, मात्र खालचं पाणी निथळायचं भोक उघडं ठेवा आणि ते खालीच येईल हे बघा.

जुना दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

आर्मेचर (आतला फिरणारा भाग) चांगलं असेल तर दुरुस्ती. कार्बन मूळ लांबीच्या निम्म्याच्या खाली आले की बदला, सोबत स्प्रिंगही. कम्युटेटर (आर्मेचरच्या टोकाचा, कार्बन टेकतात तो तांब्याचा भाग) काचेच्या कागदाने घासा. एमरी पेपर नको, त्याचे कण तांब्यात रुततात. पितळी बुश ढिले असतील तर आर्मेचर घासतं आणि सेल्फ जड फिरतो. नवा बुश बसवण्याआधी तो स्वच्छ इंजिन ऑइलमध्ये २४ तास बुडवून ठेवा. कारागीर कोरडाच ठोकत असेल तर थांबवा. बेंडिक्सच्या पिळाच्या आट्यांवर तेलाचा अगदी पातळ थर पुरे. जाड ग्रीस चोपडलं की धूळ चिकटते आणि पिनियन अर्ध्यात अडकतो.

वाइंडिंग जळाल्याचा वास येत असेल, कम्युटेटरच्या पट्ट्या उचकटल्या असतील किंवा बॉडीच खाऱ्या पाण्याने खाल्ली असेल, तर नवा घ्या. स्वस्तात गुंडाळलेलं आर्मेचर ऐन हंगामात दगा देतं.

घरी आणलेला सेल्फ बसवण्याआधी बाकावर लावून बघा, पण व्हाइसमध्ये पक्का आवळून. मोकळा सेल्फ सुरू होताना झटक्याने हातातून उडतो.

बसवताना काय काळजी घ्यायची?

फ्लँज आणि हाउसिंगचं तोंड वायर ब्रशने उघड्या धातूपर्यंत साफ करा. बॉडी अर्थिंग असेल तर रंगवलेल्या तोंडावर सेल्फ लावणं म्हणजे अर्थिंग तोडणं. ढकलून बसत नसेल तर बोल्टने ओढून घेऊ नका. फ्लँजचा कान मोडतो. पिनियन रिंगेला टेकला असेल, तर इंजिन थोडं फिरवा.

बोल्टच्या आट्यांना तांब्याचं ग्रीस लावा. वरचा बोल्ट आधी हाताने तीन-चार आटे जाऊ द्या, मग बाकीचे. गोटीत बोल्ट टिकत नसेल तर गोटीत कागदाचा तुकडा घाला. इंजिनाच्या पुस्तकात आकडा असेल तर तोच पाळा. नसेल तर ८.८ ग्रेडच्या १० मिमी बोल्टला ४५ न्यूटन-मीटर आणि १२ मिमीच्या बोल्टला ८० च्या आत, असा अंदाज धरा. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगला त्याहून कमी. ग्रीस लावलेला बोल्ट तेवढ्याच जोरात जास्त ओढला जातो, म्हणून हात आखडता. विश्रांतीत पिनियन आणि रिंग यांत साधारण तीन मिलिमीटरची फट राहायला हवी.

वायरी लावून, नट आवळून झाल्यावर वर व्हॅसलीनचा थर द्या. आधी व्हॅसलीन आणि मग थिंबल, हा उलटा क्रम नको. निगेटिव्ह सगळ्यात शेवटी.

बसवला, पण दाते घासल्याचा आवाज येतो किंवा बटण सोडल्यावरही फिरत राहतो.

घासण्याचं कारण बहुधा फट चुकलेली, शिम राहिलेला किंवा सेल्फ तिरका बसलेला. बोल्ट सोडून पुन्हा बसवा.

इंजिन लागल्यावरही सेल्फ गुंतून राहिला तर आधी इंजिन बंद करा. इंजिन थांबल्यावरही तो फिरत असेल तर सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट चिकटलेत, लगेच मेन स्विच तोडा. चालत्या इंजिनावर मेन स्विच तोडला तर डायनॅमोचे डायोड जातात, म्हणून हा क्रम.

दरवर्षी सेल्फ का जातो?

कारण तो पाण्यात बसलेला असतो. सेल्फ इंजिनाच्या खालच्या अंगाला असतो आणि ग्लँडमधून (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या सीलमधून) गळणारं पाणी बिल्जमध्ये साठून फ्लायव्हीलपर्यंत आलं की फिरतं फ्लायव्हील ते सेल्फवर फवारतं. ग्लँडची दोरी बदला. शाफ्ट चालू असताना मिनिटाला काही थेंब गळणं ठीक, धार नको. बिल्ज पंपाचा फ्लोट स्विच तपासा. वरून झिरपणारं पाणी येत असेल तर सेल्फवर रबराच्या चटईचं छप्पर घाला, पण हवा कोंडू नका.

दुसरं कारण हाताचं. दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांत किमान मिनिटभर थांबावं. डिझेलमध्ये हवा असताना पंधरा-पंधरा वेळा मारलेला सेल्फ आतून सोल्डर वितळवतो.

समुद्राच्या पाण्यात बुडालेला सेल्फ त्याच दिवशी काढा, उघडा, गोड्या पाण्याने धुवा आणि उन्हात पूर्ण वाळवा. मीठ आत सुकलं की आठवड्यात तांबं हिरवं होतं.

केबल किती जाड असावी?

२४ व्होल्टला जाऊन-येऊन पाच मीटरपर्यंत ७० चौरस मिमी, १२ व्होल्टला ९५. वेल्डिंगची केबल लवचीक असते म्हणून सगळे लावतात, पण तिच्या तांब्याच्या तारेला कलई नसल्याने खारी हवा रबराच्या आतून आत चढते. कलई केलेल्या तांब्याची मिळाली तर तीच घ्या. थिंबल हातोड्याने चेपू नका, क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबा आणि वर गरम करून आवळणारी नळी चढवा. निगेटिव्हची केबल थेट सेल्फच्या बोल्टपर्यंत आणा, इंजिनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात सोडू नका.

बंदीच्या दोन महिन्यांत काय करावं?

बॅटऱ्या काढून घरी न्या आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. १२.४ व्होल्टच्या खाली नुसत्या ठेवलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचा थर बसतो. सेल्फ काढला नसेल तर इंजिन दर पंधरवड्याला हाताने थोडं फिरवा.

समुद्रात सेल्फ गेला तर?

नांगर टाका, मग बघा. जोड हाताने हलवा, घट्ट करा. अडकलेल्या कार्बनसाठी जुन्या सेल्फच्या बॉडीवर लाकडी दांड्याने हलकी टिचकी मारून बटण दाबता येतं. आत लोहचुंबक असलेल्या नव्या छोट्या सेल्फवर हे करू नका, चुंबक फुटतो. सोलेनॉइडचे दोन स्टड स्क्रू ड्रायव्हरने जोडणं शेवटचा उपाय, आणि तो गिअर न्यूट्रलला असल्याची दोनदा खात्री करून. ठिणगी मोठी उडते, शेजारी डिझेल किंवा चार्जिंगवरची बॅटरी नको. एक-दोन सिलिंडरच्या लहान इंजिनांना हँडल आणि डिकॉम्प्रेशनची कांडी असते. मोठ्या इंजिनाला हाताने सुरू करण्याचा मार्ग नाही.

नाहीच लागलं आणि वारा किनाऱ्याकडे लोटत असेल, तर वाट बघू नका. व्हीएचएफवर चॅनल १६ ला आधी जवळच्या बोटींना कळवा आणि मग तटरक्षक दलाला, मोबाइलची रेंज असेल तर त्यांचा क्रमांक १५५४. आपण कुठे आहोत ते जीपीएसवरून आधी कागदावर लिहून घ्या. बॅटरी सेल्फमध्ये संपवून रेडिओ बंद पडण्याआधी हे झालं पाहिजे.